प्लेयरचे पहिले काम वेळ पाळण्याचे

नवा टीव्ही किंवा प्लेयर घ्यायचा असला की परभणीतले आमचे नातेवाईक आणि मित्र मला सल्ला विचारतात, आणि त्यांचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात: फोर-के आहे का, पडदा किती इंची, आवाज किती वॅटचा. हे प्रश्न अस्थानी नाहीत. परंतु मी मात्र त्या यंत्राची परीक्षा दुसऱ्याच बाजूने सुरू करतो. ते यंत्र वेळ पाळते का, हे मला आधी पाहायचे असते. चित्रपट म्हणजे समान अंतराने एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रे, आणि ते अंतर ज्याला नेमके सांभाळता येत नाही, त्या प्लेयरने कितीही बारीक चित्र दाखवले तरी तो मला अर्धवट वाटतो. या मतावर माझे घरात आणि घराबाहेरही पुष्कळ वाद झाले आहेत, म्हणून ते एकदा सविस्तर लिहून ठेवत आहे.

बोलपट आल्यानंतर, म्हणजे १९२०च्या दशकाच्या अखेरीस, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रे, हा वेग स्थिरावला. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवला जात असल्यामुळे वेग थोडा मागेपुढे होई आणि त्याचे कोणाला फारसे काही वाटत नसे. फिल्मवर आवाज आला तेव्हा मात्र वेग बदलताच सूर बदलू लागला, आणि सूर बदललेला कानाला चटकन कळतो. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे मिनिटाला ९० फूट, अर्थात सुमारे २७.४ मीटर फिल्म प्रोजेक्टरमधून जाते. जुन्या चित्रपटाच्या आरंभी सेन्सॉरचे जे प्रमाणपत्र दिसते, त्यावर रिळांची संख्या आणि मीटरमध्ये लांबी लिहिलेली असते. तो आकडा २७.४ ने भागला की चित्रपटाचा मूळ कालावधी मिळतो. ४,५०० मीटरचा चित्रपट सुमारे १६४ मिनिटांचा असतो. घरात सगळे जण नामावली सुरू होण्याची वाट पाहत असताना मी प्रमाणपत्रावर चित्र थांबवून हा भागाकार करतो, ही माझी सवय कुटुंबाने आता निमूटपणे मान्य केली आहे.

या भागाकाराचा उपयोग असा, की त्यामुळे एक जुना गैरसमज दूर होतो. कॅसेटवर किंवा डीव्हीडीवर पाहिलेला चित्रपट प्रमाणपत्रावरील लांबीपेक्षा पाच-सात मिनिटे आधीच संपतो, आणि मग 'यातली दृश्ये कापली आहेत' असा निष्कर्ष काढला जातो. काही वेळा खरोखर कात्री चाललेली असते, परंतु अनेकदा एकही दृश्य कापलेले नसते. आपल्याकडील दूरचित्रवाणी पाल पद्धतीची, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमची. २४ फ्रेमच्या चित्रपटाला त्या पद्धतीत बसवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तो सरळ २५ च्या वेगाने चालवणे. असा चित्रपट सुमारे चार टक्के अधिक वेगाने धावतो. तीन तासांच्या चित्रपटातली ७ मिनिटे १२ सेकंद कोणी न कापताच नाहीशी होतात, आणि आवाजाची पट्टी मुद्दाम दुरुस्त केलेली नसेल तर सूर पेटीवरच्या लगतच्या दोन सुरांमधील अंतराच्या निम्म्याहून अधिक चढतो. एखाद्या गाण्याची तबकडी आणि त्याच गाण्याची व्हिडिओ कॅसेट पाठोपाठ ऐकली की पेटीवर सूर धरणाऱ्या माणसाला हा फरक लगेच सापडतो. अमेरिका आणि जपानच्या एनटीएससी पद्धतीत वेग जवळजवळ तोच राहतो, पण फ्रेम आळीपाळीने दोनदा आणि तीनदा दाखवाव्या लागतात, त्यामुळे कॅमेरा आडवा फिरताना चित्र किंचित अडखळते. पहिल्या पद्धतीत काळ आक्रसतो, दुसऱ्या पद्धतीत गतीला ठेच लागते. निवड करायचीच झाली तर मी ठेच पत्करीन, कारण गायकाचा सूर बदलणे मला अधिक खटकते.

उपशीर्षकांची एक नेहमीची तक्रारही याच हिशेबातून उलगडते. सुरुवातीला उपशीर्षके बरोबर असतात आणि तासाभराने ती संवादाच्या दोन-अडीच मिनिटे पुढे किंवा मागे पडतात. अशा वेळी लोक ती सेकंदा-सेकंदाने सरकवत बसतात आणि दहा मिनिटांनी पुन्हा वैतागतात. ती फाइल २५ फ्रेमच्या प्रतीसाठी केलेली आणि चित्रपट २३.९७६ फ्रेमचा, असा तो प्रकार असतो. तेथे उपशीर्षके सरकवून भागत नाही. सर्व वेळा एकाच प्रमाणात ताणाव्या लागतात.

गणिताचा हा भाग येथे सोडून व्हीसीआरकडे, म्हणजे व्हिडिओ कॅसेट मुद्रित करणाऱ्या आणि दाखवणाऱ्या यंत्राकडे वळतो, कारण आमच्या पिढीने वेळेचा गोंधळ खऱ्या अर्थाने त्याच यंत्रावर अनुभवला. सोनीचे बेटामॅक्स १९७५ मध्ये आणि जेव्हीसीचे व्हीएचएस १९७६ मध्ये बाजारात आले. मराठवाड्यातल्या गावांत ते यंत्र विकत घेणारी घरे थोडी. बाकीच्यांसाठी 'व्हिडिओ आणणे' असे, म्हणजे रंगीत टीव्ही, व्हीसीपी (कॅसेट नुसती दाखवणारे यंत्र) आणि तीन-चार कॅसेट असा संच एका रात्रीसाठी भाड्याने घ्यायचा आणि गणपतीत, बारशाला किंवा नुसत्या हौसेखातर अंगणात लावायचा. भाडे रात्रीचे असल्यामुळे कोणता चित्रपट आधी लावायचा, मध्ये कॅसेट गुंडाळायला किती वेळ जाईल आणि सकाळी संच परत देण्याआधी तिसरा चित्रपट पुरा होईल का, याचा हिशेब करणारा एक जाणता माणूस प्रत्येक गल्लीत असे. या हिशेबात सर्वांत बेभरवशाची गोष्ट म्हणजे यंत्रावरचा काउंटर. जुन्या यंत्रांत तो चार आकडी असे आणि मिनिटे मोजण्याऐवजी टेप गुंडाळणाऱ्या चक्राचे फेरे मोजत असे. चक्रावर टेप जसजशी जाड होत जाते तसतशी एका फेऱ्यात अधिक टेप गुंडाळली जाते; म्हणून काउंटरवरचे पहिले हजार आणि नंतरचे हजार यांचा वेळ सारखा नसतो. अर्धा चित्रपट झाला असे आकडा सांगे, तेव्हा प्रत्यक्षात अर्धा झालेला नसे.

पुढे तास, मिनिटे आणि सेकंद दाखवणारा काउंटर आला आणि त्यामागची योजना मला आजही हुशारीची वाटते. व्हीएचएस टेपच्या खालच्या कडेने एक नियंत्रण-पट्टी असते आणि पाल पद्धतीत तिच्यावर प्रत्येक फ्रेममागे एक, म्हणजे सेकंदाला २५ स्पंदने नोंदवलेली असतात. चित्र वाचणारा ड्रम मिनिटाला १,५०० फेरे घेतो आणि टेप मात्र सेकंदाला जेमतेम २३ मिलिमीटर पुढे सरकते. या दोहोंची सांगड याच स्पंदनांवरून घातली जाते. नवा काउंटर तीच स्पंदने मोजून वेळ दाखवू लागला. कोऱ्या टेपवर स्पंदने नसतात, म्हणून त्या भागात काउंटर जागच्या जागी थांबतो. चित्रातल्या रेघा घालवण्यासाठी ट्रॅकिंगची कळ फिरवताना आपण खरे तर याच वेळापत्रकाशी चित्र वाचणाऱ्या हेडची गाठ घालून देत असतो, हे तेव्हा कोणी सांगितले असते तर ती कळ आम्ही इतकी निर्दयपणे पिरगाळली नसती.

राहिला प्रश्न यंत्रावरच्या घड्याळाचा. शून्य-शून्य किंवा बारा वाजल्याचे दाखवत लुकलुकणारे व्हीसीआरचे घड्याळ हा जगभर विनोदाचा विषय झाला आणि 'लोकांना घड्याळ लावता येत नाही' असा त्याचा अर्थ काढला गेला. हा अर्थ मला मान्य नाही. वीज गेली की घड्याळ शून्यावर येते, आणि ज्या भागात वीज रोजच जाते तेथे रोज घड्याळ लावत बसण्याएवढा वेळ शहाण्या माणसाकडे नसतो. दोष वापरणाऱ्याकडे नव्हता. दोन-चार रुपयांची बॅटरी किंवा मोठा कपॅसिटर वाचवणाऱ्या कारखानदाराकडे होता. वेळ लावून रविवारचा हिंदी चित्रपट ध्वनिचित्रमुद्रित करण्याची सोय माहितीपत्रकात फार आकर्षक दिसे, पण चित्रपटाआधी तासभर लाईट जाऊन आली तरी यंत्राच्या लेखी मध्यरात्रच असे. शिवाय काही विद्युत घड्याळे क्वार्ट्झऐवजी विजेची सेकंदाला ५० आवर्तने मोजून चालत. विजेच्या तुटवड्याच्या काळात ही वारंवारता ४९ च्याही खाली जाई. वारंवारता ४९ असली तर असे घड्याळ तासाला ७२ सेकंद, म्हणजे दिवसाला जवळजवळ अर्धा तास मागे पडेल. लाईट असली तरी वेळ चुकीची आणि नसली तर वेळच नाही, अशी ती स्थिती होती.

व्हीसीडीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. एका तबकडीत ७४ मिनिटे, म्हणून हिंदी चित्रपटाला दोन किंवा तीन तबकड्या आणि मध्यंतर कोठे करायचे हे दिग्दर्शकाऐवजी तबकडीने ठरवायचे. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा बसस्थानकाबाहेरच्या गाड्यांवर चित्रपट भाजीसारखे पसरलेले दिसू लागले; त्या किमतीत वेळेच्या शुद्धतेची अपेक्षा मीही केली नाही. ब्लू-रे २००६ मध्ये आली आणि तिने घरच्या पडद्यावर प्रथमच चित्रपट आपल्या मूळ लयीत, २४ च्या हिशेबाने, सर्रास आणून दिला. माझ्या मते तिचे खरे मोठेपण यात आहे. बारीक चित्र ही त्यापुढची गोष्ट.

परंतु तबकडी २४ ची असून भागत नाही, पडद्यालाही ते साधावे लागते. सामान्य टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र ताजे करतो आणि ६० ला २४ ने भाग जात नाही, त्यामुळे तीच दोन-तीनची ठेच पुन्हा लागते. १२० ला २४ ने नेमका पाचचा भाग जातो. म्हणून १२० हर्ट्झचा पडदा घेण्याचा आग्रह मी चित्रपटासाठी धरतो, खेळांसाठी धरतो असे अनेकांना वाटते. टीव्हीला जोडण्याच्या आजच्या बहुतेक चांगल्या खोक्यांत फ्रेमचा वेग आशयाप्रमाणे जुळवण्याची सोय सेटिंगमध्ये दडलेली असते आणि ती बहुधा बंद असते. ती चालू करावी. त्याउलट, हालचाल गुळगुळीत करण्याच्या नावाखाली टीव्ही स्वतःच्या मनाने मधल्या फ्रेम रचतो, ती सोय चित्रपटापुरती बंदच करावी. क्रिकेट पाहताना ती उपयोगी पडते, चेंडू स्पष्ट दिसतो. चित्रपटात मात्र तिच्यामुळे लाखो रुपये खर्चून उभारलेला प्रसंग मालिकेच्या चित्रीकरणासारखा दिसू लागतो. २०१९ मध्ये टीव्ही कंपन्या आणि चित्रपट स्टुडिओ यांच्या 'यूएचडी अलायन्स' या संघटनेने 'फिल्ममेकर मोड' नावाची व्यवस्था आणली, तिच्यात ही गुळगुळीत चलाखी आपोआप बंद होते. नव्या टीव्हीत ती असेल तर एक बटण दाबून सुटका होते.

ओठ आणि आवाज यांची सांगड हा याच विषयाचा दुसरा अर्धा भाग आहे. आवाज चित्राच्या आधी ऐकू येणे माणसाला फार लवकर खटकते, साधारण ४५ मिलिसेकंदांपासून; तो मागून येणे मात्र सव्वाशे मिलिसेकंदांपर्यंत सहसा जाणवत नाही. याचे कारण निसर्गात आहे: दूरच्या शेतात कुऱ्हाड पडलेली आधी दिसते आणि आवाज नंतर येतो, उलट कधीच घडत नाही. जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये तीस-पस्तीस मीटर मागे बसलेल्या माणसालाही आवाज सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने उशिरा पोहोचत असे आणि त्याची कोणी तक्रार केली नाही. घरात मात्र टीव्ही चित्रावर संस्कार करण्यात वेळ घालवतो आणि वेगळ्या स्पीकरला गेलेला आवाज पुढे पळतो, किंवा ब्लूटूथ हेडफोनवर आवाज मागे रेंगाळतो. व्हीएलसी या प्लेयर-सॉफ्टवेअरमध्ये विंडोज किंवा लिनक्स संगणकावर जे आणि के या कळा आवाज पन्नास-पन्नास मिलिसेकंदांनी पुढेमागे करतात. हे ठाऊक नसल्यामुळे चांगले चित्रपट अर्ध्यावर सोडून देणारे लोक मी पाहिले आहेत. ज्या स्पीकरला असा विलंब बदलण्याची सोय नाही, तो कितीही दमदार असला तरी मी घेऊ नका म्हणूनच सांगतो.

माझा स्वतःचा प्लेयर म्हणजे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारे कोडी हे प्लेयर-सॉफ्टवेअर. या संगणकाच्या पाचव्या आवृत्तीपूर्वीच्या प्रतींत स्वतःचे घड्याळच नसते. तो सुरू झाला की इंटरनेटवरून वेळ विचारून घेतो. ही रचना जेथे झाली तेथे ती चालून जात असेल. आमच्याकडे लाईट येते तेव्हा राऊटर आणि प्लेयर एकदमच जागे होतात, राऊटरला जोडणी मिळायला काही मिनिटे लागतात, आणि तोवर प्लेयर आपल्याला शेवटची आठवणारी जुनी वेळ खरी मानून बसतो. वेळ फार चुकीची असली की संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे त्याला अवैध वाटतात आणि चित्रपटांची माहिती उतरत नाही; दिसताना बिघाड नेटचा दिसतो, असतो घड्याळाचा. काही स्वस्त खोकी तर वेळ न मिळाल्यास १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच असे दाखवतात. संगणकांची कालगणना त्या दिवशीच्या ग्रिनिच मध्यरात्री सुरू होते आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे, म्हणून आपल्याकडे ती पहाट होते. भारनियमनानंतर घराघरांत अशी एकच पहाट उगवते याची मला गंमत वाटते.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. डीएस-३२३१ नावाची घड्याळाची चिप नाण्याच्या आकाराच्या बॅटरीसह या संगणकाला जोडता येते. साधे क्वार्ट्झ घड्याळ का घेऊ नये, असा प्रश्न येईल, तर त्याचे उत्तर आमच्या उन्हाळ्यात आहे. घड्याळातला सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा स्फटिक २५ अंश सेल्सिअसला सर्वांत नेमका असतो. त्यापासून तापमान जितके दूर जाईल, त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात तो मंदावतो. परभणीचा मे महिना आणि त्यात टीव्हीमागचे बंदिस्त कपाट, अशा ४५ अंशांत तो दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास मागे पडतो, म्हणजे महिन्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त. डीएस-३२३१ तापमान स्वतः मोजते आणि त्याप्रमाणे दुरुस्ती करते. तिची चूक वर्षाकाठी साधारण मिनिटभरात राहते. चित्रपट पाहायला एवढ्या नेमकेपणाची गरज आहे का, तर नाही. पण जे घड्याळ उन्हाळ्यात मागे पडते ते भिंतीवर लावायला ठीक, यंत्राच्या पोटात नको, असे माझे मत आहे.

जुन्या लग्नाच्या कॅसेट संगणकावर उतरवण्याचे काम हाती घेतले तेव्हा या सर्व गोष्टी एकत्र सामोऱ्या आल्या. टेप ताणली जाते, लहानमोठी होते, आणि चित्राची प्रत्येक ओळ किंचित आधी किंवा नंतर येते. त्यामुळे खांब वाकलेले दिसतात आणि मंगळसूत्र घालणारे हात हलत्या पाण्यातून पाहिल्यासारखे दिसतात. टाइम बेस करेक्टर हे यंत्र प्रत्येक ओळ क्षणभर स्मृतीत थांबवून समान अंतराने बाहेर सोडते आणि खांब सरळ होतात. ते न वापरता कॅसेट उतरवली तर संगणक मधल्या मधल्या फ्रेम गाळतो, आणि तीन तासांच्या कॅसेटच्या शेवटी वरात सनईच्या आवाजाच्या पुढे निघून गेलेली असते. काही डीव्हीडी रेकॉर्डर हे काम बऱ्यापैकी करतात, म्हणून जुन्या बाजारात असा रेकॉर्डर दिसला तर सोडू नये. व्हीसीआरचे शेवटचे उत्पादन २०१६ मध्ये फुनाई या जपानी कंपनीने थांबवले, तेव्हा चालू स्थितीतली यंत्रे आता कमीच होत जाणार आणि ज्यांच्याकडे कॅसेट आहेत त्यांनी हे काम लांबणीवर टाकण्यात अर्थ नाही.

या कॅसेटवर चित्राच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ छापलेली असते. ज्या छायाचित्रकाराने कॅमेऱ्याचे घड्याळ लावलेले असते त्याच्या कॅसेटवर पत्रिकेतला मुहूर्त आणि अक्षता पडल्याची प्रत्यक्ष वेळ यांतले अंतर कायमचे नोंदले जाते. आमच्या गंगाखेडच्या एका नातेवाइकाच्या लग्नात हे अंतर पाऊण तासाचे आहे, आणि कॅसेट उतरवून दिल्यावर त्यांच्या घरात 'उशीर वरपक्षाने केला की वधूपक्षाने' हा मिटलेला वाद नव्याने सुरू झाला. एका काकांनी बचाव केला की आपली खरी वेळ सूर्याची, प्रमाणवेळेची नव्हे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण थोडेच: भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आणि परभणी सुमारे ७६.८ अंशांवर, म्हणून आपला सूर्य सरासरी २३ मिनिटे मागे चालतो. उरलेली २२ मिनिटे वरातीची. शिवाय पंचांगकर्ते हा देशांतराचा फरक आधीच हिशेबात धरतात, त्यामुळे काकांची २३ मिनिटेही खरे तर गेलीच.

आता प्लेयरकडून माझी एकच अपेक्षा उरते आणि ती सर्वांत साधी आहे. चित्रपट किती वाजता संपेल, हे त्याने पडद्यावर दाखवावे. कोडी आणि जेलीफिन हे तसलेच दुसरे सॉफ्टवेअर ते दाखवतात. 'अजून १ तास ५२ मिनिटे' यापेक्षा 'रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी समाप्त' हे वाचून माणसाला निर्णय लवकर घेता येतो, आणि रात्री बाराला लाईट जाणार असल्याचा संदेश आलेला असेल तर तो निर्णय घ्यावाच लागतो. बहुतेक सशुल्क सेवांची ॲप ही वेळ सांगत नाहीत. उलट एक भाग संपताच पुढचा आपोआप सुरू करतात आणि त्यासाठी उलटी मोजणी मात्र न चुकता दाखवतात. त्यांना सेकंद मोजता येतात, हे त्यावरून सिद्धच होते. ते कोणासाठी मोजायचे याबद्दल त्यांचे आणि माझे मत जुळत नाही. ही स्वयंचलित सुरुवात खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन बहुतेक ठिकाणी बंद करता येते. समाप्तीची वेळ काढताना प्लेयर आपलेच घड्याळ प्रमाण मानतो, तेव्हा कोडी वापरणाऱ्यांनी आधी कालक्षेत्र कोलकाता असे निवडावे आणि लाईट येऊन-जाऊन झाल्यावर एकदा मोबाइलच्या घड्याळाशी ताडून पाहावे.